दैवताला भेटावे, पण बोलावे काय?

लहानपणी ज्या खेळाडूला डोक्यावर घेतले, त्याला प्रत्यक्ष भेटण्याच्या भानगडीत पडू नये, भ्रमनिरासच पदरी येतो, असे अनेक जण अनुभवाचे बोल म्हणून सांगतात. मला हे पटत नाही. यात भ्रम आपला असतो आणि खापर मात्र समोरच्या माणसावर फुटते. शाळकरी वयात आपण त्याचा स्वभाव पाहिलेलाच नसतो. पाहिलेला असतो तो त्याचा पवित्रा, त्याची धावण्याची ढब, बाद झाल्यावर परतण्याची चाल, आणि उरलेला माणूस आपण आपल्याच कल्पनेने त्याला जोडून टाकतो.

नुकतीच माझी अशी एक भेट ध्यानीमनी नसताना रुग्णालयातल्या एक्स-रे विभागाबाहेर झाली. ते एकेकाळचे मधल्या फळीतले फलंदाज. नाव लिहीत नाही, कारण गुडघा दाखवायला आलेल्या माणसाने मला मुलाखत दिलेली नव्हती. चेहऱ्यावरून मी त्यांना ओळखलेही नसते. पण नाव पुकारले गेल्यावर उठता उठता त्यांनी उजवी बाही कोपरापर्यंत सारली, आणि प्रत्येक चेंडूआधी दूरदर्शनवर पाहिलेली ती लकब लगेच ओळखीची वाटली.

ते बाहेर येईपर्यंत काय बोलावे याची मी जुळवाजुळव करत होतो. ‘मी तुमचा मोठा चाहता आहे’ हे वाक्य नम्र असले, तरी त्यावर आभार मानण्यापलीकडे ऐकणाऱ्याला काही बोलताच येत नाही. म्हणून मी त्यांच्या फारशा कुणाच्या लक्षात नसलेल्या एका खेळीचा विषय काढला. धावा चाळिशीच्या आतच होत्या, पण शेवटचे सत्र खेळून काढून त्यांनी सामना अनिर्णित राखला होता. त्यांचा चेहरा खुलला. यष्टिरक्षकाने सुरुवातीलाच झेल सोडला होता, एका टोकाकडून चेंडू खाली राहत होता, आणि मी इतकी वर्षे ज्याला पोलादी संयम समजत आलो तो बराचसा नाइलाज होता, कारण फटका मारण्याजोगा चेंडूच मिळत नव्हता, असे त्यांनी हसत हसत सांगितले. भ्रमनिरास म्हणतात तो हाच असेल, तर तो मला हवाच होता. ती खेळी मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

बहुतेक खेळाडूंची कारकीर्द पस्तिशी-चाळिशीत संपते आणि त्यानंतर लोक त्यांना आयुष्यभर एकाच दिवसाबद्दल विचारत राहतात. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत प्रथमच झाली आणि तीत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, हे सर्वांना पाठ आहे. पण त्याच शर्यतीतली त्यांची ५५.४२ सेकंदांची वेळ २०२३ पर्यंत दुसऱ्या कोणत्याही भारतीय महिलेला गाठता आली नव्हती, किंवा १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत त्यांनी चार सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक जिंकले, हा विषय त्यांच्यासमोर किती जण काढत असतील? हुकलेल्या पदकाची हळहळ खरी असते, पण ती आपली असते. ती त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा मांडण्यात कसले कौतुक आहे, हे मला समजत नाही.

गुंडप्पा विश्वनाथ यांच्या बाबतीत मात्र चाहते शहाणे ठरले आहेत. त्यांची कसोटी शतके चौदा आहेत, तरी जाणकारांना आधी आठवते ती १९७५ मधली मद्रासची नाबाद ९७ धावांची खेळी. त्या डावात वेस्ट इंडीजच्या अँडी रॉबर्ट्सने सात बळी घेतले होते आणि भारताच्या एकूण धावा होत्या १९०. शतकांच्या रकान्यात न बसणारी अशी खेळी ज्याला आठवते, त्याच्याशी बोलायला कोणत्या फलंदाजाला आवडणार नाही?

छायाचित्राला माझा विरोध नाही, पण ते आधी विचारून काढावे, आणि रुग्णालयात तर मुळीच काढू नये. आमचे बोलणे चालू असतानाच एका तरुणाने मध्येच हात घालून मोबाइलवर सेल्फी काढला आणि नंतर मला हळूच विचारले, हे नेमके कोण? मी रागावलोच होतो. ते मात्र रागावले नाहीत; त्यांनी स्वतःच आपले नाव सांगितले, तो काय खेळतो याची चौकशी केली, आणि बॅडमिंटन असे उत्तर आल्यावर त्याच्या हातातल्या फाइलकडे पाहत विचारले, “डावा की उजवा?” मग पुढची दहा मिनिटे दोघे गुडघ्यांविषयी बोलत बसले.