‘पीएचसीवाल्यांना फिटचं ट्रेनिंग देऊन काय उपयोग?’ या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. थोडक्यात असा: ‘लहान मुलांची फिट हा मेंदूच्या मोठ्या डॉक्टरचा आजार. पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) सिस्टर आणि आशांना ट्रेनिंग देणं म्हणजे पैसे पाण्यात. ईईजी-एमआरआयशिवाय फिट कळत नाही. फिटच्या गोळ्यांनी पोर मंद होतं, झटके थांबले की बंद करा. फिट आली तर कांदा हुंगवा, दातात चमचा घाला, आपोआप थांबते. बरं करायचं तर थेट मिरज-पुणे गाठा.’

मी बालरोगतज्ज्ञ आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात बरीच वर्षं काम करते आणि अशा प्रशिक्षणांत शिकवायलाही जाते. त्यामुळे या वादात मी तटस्थ नाही. पण हा मेसेज वाचून कुणी पोराची गोळी बंद केली तर काय होईल, ते मी पाहिलेलं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘ईईजी-एमआरआयशिवाय फिट कळत नाही.’

फिट कळते ती आधी विचारण्यातून. झटका यायच्या आधी मूल काय करत होतं, डोळे कुठे वळले, एकच हात उडत होता की दोन्ही, किती वेळ चाललं, नंतर झोपलं की लगेच खेळायला लागलं. फिटचा आजार (अपस्मार) असलेल्या मुलाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, नॉर्मल येऊ शकतो, आणि कधीही फिट न आलेल्या मुलाच्या ईईजीतही गडबड दिसू शकते. रडता रडता श्वास अडकून निळं पडणारं बाळ, तापात आलेला झटका, उन्हात प्रार्थनेला उभं राहून आलेली चक्कर, या सगळ्यांना ‘फिट’ म्हणून गोळ्या सुरू झालेल्या मी पाहिल्या आहेत. तापातली फिटच घ्या. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती येते, आणि बहुतेकांना रोजची गोळी लागत नाही. हे ओळखायला यंत्र नको, शिकलेला माणूस हवा.

उलटही होतं. तिसरी-चौथीतली मुलगी वर्गात दहा सेकंद हरवते, पापण्या फडफडतात, मग पुढचं वाक्य वाचते. गुरुजी म्हणतात लक्ष नाही. ही ॲब्सन्स फिट असू शकते. तिला कार्बामाझेपिन हे फिटचंच एक औषध दिलं तर झटके वाढू शकतात. कुठल्या फिटला कुठलं औषध द्यायचं नाही, हा प्रशिक्षणातला मोठा भाग असतो.

आणि जे सगळ्यात जास्त जिवाला लागतं ते सांगते. पाच-सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठतं, मान आणि हात एकदम पुढे झुकवतं, क्षणभर थांबतं, पुन्हा झुकवतं. असं ओळीनं वीस-पंचवीस वेळा. घरी म्हणतात दचकतंय, पोटात दुखतंय. दृष्ट काढतात, गुटी बदलतात. काही आठवड्यांनी बाळ हसेनासं होतं, धरलेली मान सोडतं, तेव्हा आमच्याकडे येतं. याला इन्फंटाइल स्पाझम म्हणतात. वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी स्वतःच्या मुलात हे पाहून 1841 मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. एसीटीएच, प्रेडनिसोलोन, विगाबॅट्रिन अशी औषधं आहेत, पण सुरुवात जितकी उशिरा तितकं बाळाचं नुकसान जास्त. हा आजार बहुतेक वेळा तीन ते बारा महिन्यांच्या दरम्यान सुरू होतो. आता आशाताई बाळाच्या घरी कधी जातात ते बघा: तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. ज्या वयात हा आजार दार ठोठावतो, नेमक्या त्याच वयात त्या दारात उभ्या असतात. त्यांनी असा एक व्हिडिओ नीट पाहिलेला असला तर पुरे. गेल्या पावसाळ्यात जत तालुक्यातल्या उमदीकडच्या एका बाळाचे झटके आशाताईंनी मोबाइलवर घेऊन पाठवले. मला ओळखायला अर्धा मिनिट लागला.

‘ट्रेनिंग म्हणजे पैसे पाण्यात.’

यात थोडं खरं आहे, तेही मान्य करते. सभागृहात दिवसभर स्लाइड दाखवून, जेवण देऊन, सह्या घेऊन घरी पाठवलं तर काही उरत नाही. उरतं ते हातानं केलेलं आणि पुन्हा पुन्हा विचारलेलं. ब्रिटिश बाल-न्यूरॉलॉजी संघटनेचा एक दिवसाचा अभ्यासक्रम आहे. त्यात छोट्या गटांत व्हिडिओ बघून ‘फिट आहे की नाही’ यावर वाद घालायला लावतात. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या ‘एको’ पद्धतीत गावचा डॉक्टर ठरल्या दिवशी आपला रुग्ण स्क्रीनवर मांडतो आणि तज्ज्ञ त्याच्यासोबत निर्णय घेतात. ती मुळात काविळीच्या एका प्रकारासाठी, हिपॅटायटिस सी साठी होती. पुढे मुलांच्या फिटसाठीही वापरली गेली. आपल्या शेजारच्या कर्नाटकात येळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन या स्वस्त गोळ्यांवर खेड्यातल्या रुग्णांच्या फिट आटोक्यात आणता येतात हे दाखवलं. तो अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला.

आकडाही बघू. फिटचा आजार हजारात साधारण पाच जणांना धरला, तर 2011 च्या जनगणनेतल्या 28 लाखांच्या सांगली जिल्ह्यात लहान-मोठे मिळून चौदा हजार रुग्ण होतात. दर महिन्याला इतके जण मिरजेच्या रांगेत उभे करायचे का?

‘कांदा हुंगवा, चमचा घाला.’

चमच्यानं दात तुटतात, तुकडा श्वासनलिकेत जातो. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ जातो. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाणी पाजू नका, घड्याळ बघा. बहुतेक झटके खरंच आपोआप थांबतात. पण पाच मिनिटं झाली तर थांबण्याची वाट बघायची नसते. नाकात मारायचा मिडाझोलाम या झटका थांबवणाऱ्या औषधाचा फवारा त्यासाठीच असतो. मात्र एका फवाऱ्यात औषध किती हे बाटलीप्रमाणे बदलतं, म्हणून मुलाच्या वजनावरून ‘किती फवारे’ हे कुणीतरी कागदावर लिहून द्यावं लागतं, आणि मूल वाढलं की बदलावं लागतं. उमदीहून मिरज शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. ते पाच मिनिटांत कुणीच गाठत नाही.

‘झटके थांबले की गोळी बंद करा.’

हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. झटके थांबतात ते गोळीमुळे. साधारण दोन वर्षं एकही झटका नसेल तर डॉक्टर हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी डोस उतरवतात. एकदम बंद केली तर न थांबणारी फिट येऊ शकते. गोळ्यांचा त्रास होत नाही असं मी म्हणत नाही. फेनोबार्बिटोननं काही मुलं चिडचिडी, चंचल होतात. वयात येणाऱ्या मुलीला व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी देताना पुढच्या गरोदरपणाचा विचार करावा लागतो. त्यावर उपाय म्हणजे औषध बदलून घेणं.

आपल्याकडे गोळी चुकते ती बहुतेक वेळा ऊसतोडीत. दिवाळीनंतर कुटुंब टोळीबरोबर कारखान्याच्या तळावर जातं, गोळ्या संपतात, नवीन गावात कुणी ओळखत नाही. उपकेंद्राच्या सिस्टरनं निघण्याआधी गोळ्यांचा साठा आणि औषधाच्या नावाची चिठ्ठी दिली, तर हे टळतं. त्यासाठी तिला हे कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं.

‘थेट मिरज-पुणे गाठा.’

काही मुलांना गाठावंच लागतं. बाळाचे ओळीनं झुकणारे झटके, शिकलेलं विसरत चाललेलं मूल, योग्य डोसमध्ये दोन औषधं देऊनही न थांबणारी फिट: यांना गावात अडकवून ठेवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत फिटचा आजार आहेच. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणारं ते पथक अशी मुलं पुढे पाठवू शकतं. फक्त पाठवताना चिठ्ठीवर मुलाचं वजन, आतापर्यंतची औषधं, त्यांचे डोस आणि शेवटच्या झटक्याची तारीख लिहिलेली असावी. आईच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ असावा. कोऱ्या कागदावर नुसतं ‘फिट, पुढील उपचारांसाठी’ लिहून आलेलं मूल घेऊन आई दिवसभर बाकावर बसते, आणि वरच्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून विचारावं लागतं.