मोझॅकमध्ये व्हिडिओ ‘चालला’ का? कोपरीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

कोपरीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सकाळी लोकलमध्ये वाचली. मुलुंड ते घाटकोपर मनातल्या मनात तुमच्याशी भांडलो. दादरला उतरेपर्यंत निम्मं भांडण विरलं होतं, कारण निम्म्या मुद्द्यांवर तुमचंच बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे उत्तर.

मूळ पोस्ट न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका भंगारवाल्याकडून सन कंपनीचं स्पार्कस्टेशन 5 हे नव्वदच्या दशकातलं युनिक्स मशीन घेतलं, त्यावर एनसीएसए मोझॅक 2.4 हा वेबच्या सुरुवातीच्या काळातला ब्राउझर चढवला आणि तलावपाळीवरच्या बोटींचा 20 सेकंदांचा व्हिडिओ चालवून दाखवला. त्यावर कोपरीकर म्हणतात: व्हिडिओ मोझॅकमध्ये नव्हे, शेजारच्या वेगळ्या खिडकीत चालला, म्हणजे ‘मोझॅकमध्ये’ म्हणणारं शीर्षक खोटं. फाइल मधूनच गायब होत होती त्याचा दोष डिस्कला दिला, तो चूक. आजच्या एफएफएमपेगने (व्हिडिओचं रूप बदलणारा प्रोग्राम) फाइल बनवून घरच्याच सर्व्हरवरून दिली, ही लबाडी. आणि शेवटी, ‘व्हीएसएनएलच्या काळात हे कुणी केलं नाही, उगाच जुन्या आठवणींचे उमाळे.’ (व्हीएसएनएल म्हणजे तेव्हा आपल्याकडे इंटरनेट देणारी सरकारी कंपनी.)

आधी फाइलचं, कारण तिथे तुम्ही मला सपशेल पकडलंत. मोझॅक व्हिडिओ आधी पूर्ण उतरवून घेतो, टेम्प डिरेक्टरीत, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या जागी, ठेवतो, मग बाहेरचा प्लेअर बोलावतो आणि प्लेअर संपला की फाइल पुसून टाकतो. प्लेअर आणि पुसणं हे तो शेलच्या (युनिक्सला हुकूम द्यायची जागा) एकाच ओळीत करतो: आधी प्लेअर, पुढे आरएम, म्हणजे फाइल पुसायचा हुकूम. मी प्लेअर थेट न देता मध्ये एक छोटी स्क्रिप्ट घातली होती आणि शहाणपणा करून तिच्या शेवटी अँपरसँड (&, म्हणजे ‘हे मागे चालू दे, तू पुढे हो’) टाकला होता. स्क्रिप्टने प्लेअरला पार्श्वभूमीत ढकललं आणि स्वतः लगेच संपली. मोझॅकला वाटलं, झालं पाहून. त्याने फाइल पुसली. प्लेअर बिचारा उघडायला गेला तेव्हा तिथे काहीच नाही. कधी प्लेअर आधी पोहोचायचा, तेव्हा व्हिडिओ चालायचा. म्हणून मला वाटलं डिस्कच खराब आहे. दोन रात्री मी त्या डिस्कला शिव्या घातल्या. काल अँपरसँड काढला, सलग वीसदा चालवून पाहिलं, एकदाही अडलं नाही. पोस्टमधला तो परिच्छेद बदललाय आणि तुमचा उल्लेख केलाय.

आता शीर्षक. मोझॅकला व्हिडिओ उलगडता येत नाही, कबूल. पण त्याला आलेली वस्तू ओळखता येते आणि ती कुणाच्या हाती द्यायची हे माहीत असतं. होम डिरेक्टरीतल्या मेलकॅप फाइलमध्ये, म्हणजे कुठली वस्तू कुठल्या प्रोग्रामला द्यायची त्या यादीत, एक ओळ असते: व्हिडिओ-स्लॅश-एमपेग, अर्धविराम, एमपेग-प्ले, टक्का-एस. या टक्का-एसच्या जागी उतरवलेल्या फाइलचं नाव बसतं. ही व्यवस्था मुळात ईमेलसाठी होती. 1992 मध्ये माइम हे मानक आलं ते पत्रासोबत चित्र, आवाज पाठवता यावेत म्हणून. वेबने ती तयार व्यवस्था उचलली. एमपेग-प्ले हा प्लेअर बर्कलीच्या विद्यापीठातला, मोझॅकच्याही आधीचा. मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी 1993 मध्ये पानाच्या आत चित्र दाखवलं हीच केवढी मोठी गोष्ट होती. व्हिडिओसाठी त्यांनी शेजाऱ्याचं दार ठोठावलं, यात मला तरी कमीपणा दिसत नाही.

आणि ‘आत’ म्हणजे नेमकं कुठे, हेही सांगा. पुढे युनिक्सवरच्या नेटस्केप ब्राउझरसाठी प्लगर नावाचा प्लगइन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) आला. तो बाहेरचाच प्लेअर चालवायचा, फक्त त्याची खिडकी उचलून पानाच्या चौकटीत चिकटवायचा. युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडोमध्ये हे सहज जमतं. तो व्हिडिओ तुमच्या हिशेबात ब्राउझरमध्ये चालला की नाही? तुमची कसोटी काटेकोर लावली तर मला वाटतं थेट 2009 गाठावं लागेल, फायरफॉक्स 3.5 ने व्हिडिओ टॅग (पानात व्हिडिओ ठेवायची खूण) आणि थिओरा (व्हिडिओचा एक प्रकार) स्वतःच्या पोटात घेतले तेव्हा. तरीही शीर्षकात ‘मोझॅकमध्ये’ ऐवजी ‘मोझॅकमधून’ केलंय. एका अक्षराचा वाद आहे, तुम्ही जिंकलात.

एफएफएमपेगच्या लबाडीबद्दल मात्र मी हटणार नाही. मोझॅकला एचटीटीपीएस, म्हणजे आजच्या साइटची कुलूपबंद भाषा, कळत नाही, त्यामुळे आजच्या बहुतेक साइट त्याच्यासाठी बंद दारं आहेत. घरचा सर्व्हर ही हौस नव्हे, नाइलाज होता. एमपेग-प्लेला एमपेग-1 हा जुना व्हिडिओ प्रकार सोडून काही येत नाही. त्यातही ही जुनी आवृत्ती फक्त चित्रांचा प्रवाह घेते, आवाज गुंफलेली फाइल दिली की हात वर करते. फोनमधला व्हिडिओ मग मी कशाने बदलायला हवा होता, लाटण्याने?

खरी गंमत त्यानंतर झाली, ती मूळ पोस्टमध्ये मी लाजेखातर गाळली होती. सर्व्हर म्हणून मी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली होती. ती प्रत्येक फाइलवर ‘टेक्स्ट-स्लॅश-प्लेन’, म्हणजे साधा मजकूर, असा शिक्का मारून पाठवायची. लिंकवर क्लिक केलं तर मोझॅकने अख्खा व्हिडिओ अक्षरांत ओतला, पानंच्या पानं कचरा. मी मेलकॅप तपासतोय, फाइलचं एक्स्टेन्शन बदलून पाहतोय, काही फरक नाही. कारण एचटीटीपीवर, म्हणजे सर्व्हरकडून फाइल आली तर, मोझॅक एक्स्टेन्शनकडे बघतच नाही, सर्व्हरच्या शिक्क्यावर विश्वास ठेवतो. एक्स्टेन्शन बघतो ते फाइल आपल्याच डिस्कवरून उघडली तर.

आणि इथेच तुमच्या व्हीएसएनएलच्या मुद्द्याचं उत्तर आहे. 15 ऑगस्ट 1995 ला सेवा सुरू झाली तेव्हाची 9.6 केबीपीएसची लाइन घ्या. सेकंदाला साधारण 960 बाइट, म्हणजे एक मेगाबाइटला 18 मिनिटं, तीही लाइन तुटली नाही तर. एमपेग-1 च्या नेहमीच्या दराने तेवढ्यात जेमतेम 7 सेकंदांचं चित्र मावतं. त्यातून स्वस्तातल्या, फक्त मजकुराच्या शेल अकाउंटवाल्यांना तर लिंक्स (Lynx) या ब्राउझरमध्ये नुसती अक्षरं. घरी बसून हे कुणी केलं असेल असं मीही म्हटलेलं नाही. आम्ही 1996 मध्ये ऑफिसात केलं ते फ्लॉपीवरून. क्लिप यायची, ‘ओपन लोकल’ करायचं, एक्स्टेन्शन बरोबर असलं की चालायचं. शिक्क्याची भानगड आम्हाला कधी भेटलीच नाही. म्हणूनच इतक्या वर्षांनी सर्व्हर लिहिताना माझ्या डोक्यात ती आली नाही. तेव्हा उमाळे म्हणा हवं तर, पण त्या उमाळ्यांनीच मला तोंडघशी पाडलं, हेही लिहून ठेवा.

रंगांबद्दल तुम्ही विचारलंत, करडा व्हिडिओ का? या मशीनवर पडद्याला एका वेळी 256 च रंग. पानातलं एकेक चित्र मोझॅकमध्ये 50 पर्यंत रंग घेऊ शकतं, खिडक्या सांभाळणाऱ्या विंडो मॅनेजरचे वेगळे, आणि एमपेग-प्ले रंगीत चालवायला एकटा 128 मागतो. त्याला स्वतःचा वेगळा रंगसंच दिला तर माउस त्याच्या खिडकीवर नेला की बोटी छान दिसतात आणि बाकी सगळ्या पडद्यावर धुळवड. माउस बाहेर काढला की पडदा ठीक आणि तलावात जांभळं पाणी. पाच मिनिटांत डोळे दुखायला लागले. शेवटी मेलकॅपच्या ओळीत करड्या छटांचा पर्याय घातला. रंगाचं गणितच वाचल्यामुळे वेगही वाढला, इतका की बोटी पळायलाच लागल्या. या आवृत्तीला घड्याळ कळत नाही, जमेल तितक्या वेगाने फ्रेम ओतत सुटते. आई मागून म्हणाली, ‘दादासाहेब फाळक्यांचं काही लावलंयस का?’

तुम्ही स्टेशनच्या पलीकडे, मी नौपाड्यात. येत्या रविवारी या आणि स्वतः बघा. फक्त जरा वेळ काढून या. मशीनमधल्या घड्याळाच्या चिपची बॅटरी मेली आहे, त्यामुळे दर वेळी सुरू करताना होस्ट आयडी (मशीनचा ओळख क्रमांक) आणि इथरनेटचा पत्ता हाताने टाइप करावा लागतो. ती चिप कोरून बाहेरून सेल जोडायचा असतो हे माहीत आहे, पण माझा हात थरथरतो. तुमच्याकडे बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न असेल तर घेऊन या.