‘गॅलनमागे एक गोगलगाय’ : हा मेसेज पुढे ढकलण्याआधी वाचा

मरीन टाकी, म्हणजे घरात खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, ठेवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. परवा मावसभावाने मला तोच पाठवला, वर ‘दादा, पन्नास मागवू का?’ असा प्रश्न. मेसेज म्हणतो : गॅलनमागे एक गोगलगाय आणि एक हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारा खेकडा) सोडा, शेवाळ कायमचं जातं. मग पाणी बदलायलाही नको, कारण ‘समुद्रात कोण पाणी बदलतं?’ दुकानदाराचे खिसे भरू नका, ओहोटीला मुलांना घेऊन किनाऱ्यावर सहलीला जा आणि हवे तेवढे शंख उचला. वाळू साफ ठेवायला एक समुद्रकाकडी (सी क्युकंबर हा मऊ अंगाचा प्राणी) आणा. लाल बुळबुळीत थरही गोगलगायीच खातात. राहिलेलं शेवाळ एक टँग फस्त करतो.

टँगचं आधी उरकतो. तो दिवसभर लांब फेऱ्या मारणारा मासा आहे. चार फुटांपेक्षा लहान टाकीत त्याला कोंडू नका, शेवाळासाठी तर मुळीच नको.

आता गॅलनचा हिशेब. अमेरिकी गॅलन म्हणजे साधारण 3.8 लिटर. म्हणजे 200 लिटरच्या टाकीत 53 गोगलगायी आणि 53 हर्मिट. गोगलगायीचं पोट टाकीतल्या लिटरवर भरत नाही, शेवाळावर भरतं, आणि नव्या टाकीत ते फारसं नसतंच. सुरुवातीला काच आणि दगडांवर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा पातळ तपकिरी थर येतो. एवढी फौज तो काही दिवसांत संपवते आणि मग उपाशी मरू लागते. मेलेली गोगलगाय दगडामागे कुजते, अमोनिया चढतो, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, आणि ग्रुपवर प्रश्न येतो, ‘फिल्टर खराब झालाय का?’ खरं तर तो डायटमचा थर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपला आपणच जातो.

हर्मिटचं तर वेगळंच. रिकामे शंख पुरेसे नसले की तो जिवंत गोगलगायीला ओढून काढतो आणि तिच्या शंखात शिरतो. ठेवायचेच असतील तर दोन-तीन ठेवा, आणि त्यांच्यापेक्षा थोडे मोठे, वेगवेगळ्या तोंडांचे रिकामे शंख वाळूवर टाकून ठेवा.

200 लिटरला सुरुवात म्हणून चार ट्रोकस आणि सहा सेरिथ एवढ्या गोगलगायी भरपूर झाल्या. ट्रोकस काच-दगड चरते आणि उलटी पडली तरी सहसा सरळ होते. ॲस्ट्रिया बऱ्याचदा होत नाही; तुम्ही सरळ केली नाही तर तिथेच मरते. सेरिथ रात्री वाळूत काम करते. नॅसॅरियस उरलेलं खाद्य आणि मेलेलं मांस खाते, शेवाळाला तोंडही लावत नाही, तरी दुकानात ती ‘शेवाळ खाणारी’ म्हणूनच विकली जाते. तीन-चार आठवडे थांबा. काच पुसल्यावर दोन दिवसांत पुन्हा हिरवी होत असेल तर आणखी दोन ट्रोकस घाला.

‘समुद्रात कोण पाणी बदलतं?’ या प्रश्नात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. समुद्रात शेवाळ आटोक्यात ठेवतात ते चरणारे प्राणीच; ते नसतील तर शेवाळ प्रवाळ गिळतं. 1983-84 मध्ये कॅरिबियन समुद्रात डायाडेमा जातीचे काळे समुद्री साळिंदर (सी अर्चिन, शेवाळ चरणारे काटेरी प्राणी) रोगाने जवळजवळ नष्ट झाले. टेरेन्स ह्यूजेस यांनी 1994 साली ‘सायन्स’मध्ये जमैकाचा हिशेब मांडला : 1970च्या दशकाच्या शेवटी 50 टक्क्यांहून जास्त असलेलं प्रवाळाचं आच्छादन 5 टक्क्यांच्याही खाली गेलं, आणि जागा शेवाळाने घेतली. पण तोच लेख पुढे काय सांगतो तेही पाहा. शेवाळ खाणारे मासे तिथे मासेमारीने आधीच संपत आले होते. सगळा भार एका साळिंदरावर होता, तो गेल्यावर मागे कोणी उरलंच नाही. म्हणजे पन्नास एकसारख्या गोगलगायी हा उपाय नाही. दोन-तीन प्रकारचे थोडे थोडे प्राणी हवेत.

आणि समुद्रात पाणी बदलतंच, दर भरतीला. टाकीत गोगलगायीने खाल्लेलं शेवाळ विष्ठा होऊन तिथेच पडतं. त्यातला नत्र अमोनियावाटे नायट्रेट होतो, फॉस्फेट पुन्हा पाण्यात येतं, आणि त्यावर नवं शेवाळ उगवतं. बाहेर जायच्या वाटा मोजक्या आहेत : पाणी बदलणं, स्किमरचा (फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप, हाताने उपटलेलं शेवाळ, सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या दुसऱ्या टाकीत) वाढवून कापून टाकलेलं किटोमॉर्फा नावाचं शेवाळ, फॉस्फेट शोषणारा लोहाचा मीडिया (फिल्टरमधले दाणे). 200 लिटरला आठवड्याला 20 लिटर बदला. समुद्री मीठ कालवायचं पाणी आरओ-डीआयचं (गाळून क्षार पूर्ण काढलेलं), मीठ घालण्याआधी टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्य. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं चालत नाही, कारण चवीसाठी त्यात बऱ्याचदा थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं.

‘पण टेस्टमध्ये माझ्या टाकीचं फॉस्फेट शून्य येतं!’ येणारच, ते शेवाळाने पिऊन ठेवलंय. आणि खरोखर शून्य करायच्या मागेही लागू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही जवळजवळ शून्यावर आले की डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव माजतात, आणि त्यांतल्या काही जाती गोगलगायींनाच विषारी असतात.

लांब केसाळ शेवाळाला बहुतेक गोगलगायी हात लावत नाहीत. त्यांना कोवळं, आखूड लागतं. पंप बंद करा, हाताने उपटा, त्याच वेळी बारीक नळीने ओढून बादलीत घ्या, आणि मगच गोगलगायींना उरलेले खुंट चरू द्या. लाल बुळबुळीत थर हे शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया, एक प्रकारचे जिवाणू. फारसं कोणी खात नाही. नळीने ओढून काढा, त्या जागी प्रवाह वाढवा, खाद्य कमी करा.

सगळ्यांत संताप आणणारा मुद्दा किनाऱ्याचा. ओहोटीला खडकावर दिसणारा प्रत्येक शंख शेवाळ खात नाही. त्यांत दुसऱ्यांच्या शिंपल्याला भोक पाडून मांस खाणारे शंख असतात, ते तुमच्याच गोगलगायी संपवतील. भरतीच्या वरच्या पट्ट्यातल्या नेराइट गोगलगायी टाकीतून बाहेर चढतात आणि झाकणामागे सुकतात. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाणी इतकं गोडं होतं की तिथला प्राणी 1.025 घनतेच्या, म्हणजे समुद्राइतक्या खाऱ्या टाकीत एकदम टाकला तर धक्क्यानेच मरतो. आणि शंकूसारखा, सुंदर नक्षीचा कोनशंख हातात आला तर? तो विषारी दात भाल्यासारखा मारतो. रुंद टोकाकडून धरलं तरी त्याची सोंड बोटापर्यंत पोचू शकते. या कुळातल्या काही जातींच्या दंशाने माणसं दगावली आहेत, आणि त्यावर प्रतिविष नाही. हे लहान मुलांना घेऊन करायची सहल म्हणून सुचवलंय!

समुद्रकाकडीचा सल्ला तर थेट तुरुंगाचा रस्ता. भारतात सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. पकडणं, विकणं, जवळ बाळगणं, सगळंच गुन्हा, शिक्षा 3 ते 7 वर्षे. कठीण प्रवाळही त्याच अनुसूचीत, तेव्हा किनाऱ्यावरून ‘लाइव्ह रॉक’ म्हणून दगड उचलतानाही हाच कायदा लागू होऊ शकतो. शिवाय ती काकडी पंपात अडकली किंवा मेली तर काही जातींच्या अंगातलं विष टाकीतले मासे मारतं. वाळू ढवळायला सेरिथ आणि नॅसॅरियस पुरतात.

दुकानातून आणलेल्या गोगलगायीही पिशवीतून थेट ओतू नका. हवेच्या नळीला गाठ मारून टाकीचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने तासभर गोगलगायी ठेवलेल्या भांड्यात सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका, आणि टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर आधी त्याची तपासणी करा. तांबं माशाला सोसतं तेवढं गोगलगायीला सोसत नाही.