‘निम्मा अभ्यासक्रम खोदकामाचा’ या अभिप्रायाला संचालकांचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

ब्रॉडबँड विस्ताराच्या धोरणावरील आमच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला दोन तारे देताना आपली तक्रार अशी आहे की, निम्मे धडे खोदकामाचे परवाने, खांबांचे भाडे आणि नकाशे यांतच संपतात, उपग्रहांची एका धड्यात बोळवण होते, आणि सरकारने घरोघरी फायबर टाकले की मिटणारा प्रश्न आम्ही उगाच किचकट करतो. आपण सविस्तर लिहिले आहे, तेव्हा उत्तरही सविस्तर देणे भाग आहे.

फायबरचे जाळे उभारताना मोठा पैसा जातो तो केबलवर नव्हे, तर चर खणण्यावर आणि रस्ता पूर्ववत करण्यावर. म्हणूनच युरोपीय संघाने २०१४ मध्ये निर्देश काढून वीज, गॅस आदी सेवांच्या कंपन्यांना आपले खांब व भूमिगत नळ्या दूरसंचार कंपन्यांना वाजवी अटींवर वापरू देण्यास सांगितले.

नकाशांचे म्हणाल, तर अमेरिकेत बरीच वर्षे जनगणनेसाठी आखलेल्या एखाद्या गटातील, म्हणजे छोट्या भूभागातील, एका जरी ठिकाणी कंपनी सेवा देऊ शकत असली, तरी तो सबंध गट ‘सेवा उपलब्ध’ म्हणून धरला जाई. ग्रामीण भागात असा गट दूरवर पसरलेला असतो. त्यामुळे हमरस्त्यावरच्या एका घरापायी मागच्या साऱ्या वस्त्या अनुदानाला मुकण्याची वेळ येई. २०२० च्या कायद्याने ही रीत बदलली, आणि इमारतनिहाय नोंद असलेला, नागरिकांना ज्यावर हरकत घेता येते असा नकाशा २०२२ मध्ये आला. ब्रॉडबँड विस्तारासाठीच्या ४२.४५ अब्ज डॉलरच्या सरकारी निधीतील राज्यांचे वाटे पुढे त्याच्याच आधारे ठरले. आपल्याला कंटाळवाणा वाटलेला धडा तो हाच, आणि त्यातली एक ओळही मी कमी करणार नाही.

उपग्रहांना आमचा विरोध नाही. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणारा, उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांमुळे संदेशाला लागणारा विलंब पुष्कळच घटला, आणि बेटांवर किंवा दुर्गम डोंगरांत अनेकदा तोच एक मार्ग उरतो. मात्र जमिनीच्या एका भागासाठी उपग्रहाची असलेली क्षमता तिथल्या सर्व ग्राहकांत विभागली जात असल्याने दाट वस्तीत तो फायबरची जागा घेऊ शकत नाही. एवढे सांगायला एक धडा पुरतो, असे माझे मत आहे.

राहिला घरोघरी फायबरचा मुद्दा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार २.६ अब्ज लोक इंटरनेटबाहेर होते, आणि त्यांतील बहुतेकांच्या भागात मोबाइल ब्रॉडबँडचे जाळे पोहोचलेले होते. त्यांना अडवते ते उपकरणाची किंमत, मासिक शुल्क, साक्षरता आणि स्वभाषेतील मजकुराचा अभाव. यांतले काहीही केबलने सुटत नाही.

आपल्याला निव्वळ तंत्रज्ञान शिकायचे असेल, तर हा अभ्यासक्रम त्यासाठी नाही, आणि माहितीपत्रकात तसे नमूद आहे. शुल्क परत हवे असल्यास नोंदणीच्या ईमेलवरून कळवावे.

आपला,
संचालक