पेन्सिलीतलं झाड म्हणजे पाच मिनिटांचा मूड नव्हे

ती पोस्ट आता चौथ्या ग्रुपवर आली, की रोमँटिक काळातले (साधारण अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंतचे युरोपातले) चित्रकार झाडं भावनेच्या भरात, मनातूनच, पाच मिनिटांत काढायचे आणि पेन्सिल म्हणजे तैलचित्राआधीचं कच्चं काम. मला हे वाचून खरंच वाईट वाटतं म्हणून लिहितेय.

मनातून कसलं? त्या काळातल्या जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकाराने पेन्सिलीने काढलेली ओल्ड हॉल पार्कमधली एल्मची झाडं बघा, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. चित्रावर त्याने स्वतः लिहिलंय, 22 ऑक्टोबर 1817, ईस्ट बर्गहोल्ट. हे त्याचं जन्मगाव, म्हणजे लहानपणापासून बघितलेला परिसर, आणि तरी समोर बसून काढलंय.

पाच मिनिटं तर सोडूनच द्या. कागद जवळपास 59 सेंटिमीटर उंच आहे, खोडापाशी झूम केलं की सालीची भेग न् भेग दिसते, पानांचे झुबके उजेडात वेगळे, सावलीत वेगळे, आणि वरून अगदी हलका करडा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात. हे घाईत होत नाही हो, कुणीही एकदा एखाद्या खोडासमोर पेन्सिल घेऊन बसून बघा.

कच्चं काम हे थोडंफार खरं आहे. जर्मनीत त्याच काळातला चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिख ओकच्या झाडांचे तारीखवार अभ्यास करून ठेवायचा आणि पुढे तीच झाडं पेंटिंगमध्ये आणायचा. पण याचा अर्थ झाड नीट बघायचं काम पेन्सिलीतच उरकलेलं असायचं, मग ते कमी दर्जाचं कसं?

राहिला भावनेचा भर. कॉन्स्टेबलच्या वहीतली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडची फरची झाडं बघून कवी-चित्रकार विल्यम ब्लेक म्हणाला, हे रेखाटन नाही, ही तर प्रेरणा! त्यावर कॉन्स्टेबल म्हणाला, मला तर ते रेखाटनच वाटत होतं. हा किस्सा कॉन्स्टेबलच्या मित्राने, लेस्लीने लिहून ठेवलाय.

आणि कॉन्स्टेबलचा झाडांवर जीव किती होता तेही ऐका. 1836 मध्ये हॅम्पस्टेडच्या व्याख्यानात त्याने एका अ‍ॅशच्या झाडाचं चित्र दाखवलं, त्या झाडाला तो "ही तरुणी" म्हणाला. ती धडधाकट असताना हे काढलं होतं, नंतर तिच्या अंगात दोन लांब खिळे ठोकून भिकाऱ्यांना कायद्याचा धाक घालणारी पाटी लावली, शेंडे सुकले, पुढच्या वर्षी अर्धं झाड वाळलं, मग उरलेलं. शेवटी तोडलं, आणि बुंधा ठेवला तो पाटी टेकेल एवढाच.