त्या हेडरला कुणीतरी बाजूला व्हायला सांगा रे!

वेबसाईटच्या वर ती पट्टी असते ना, हेडर, ती नेमकी कोणाच्या सोयीसाठी असते हे मला कुणीतरी सांगा. कारण हल्ली जी साईट उघडावी तिथे तोच तमाशा, वर भलामोठा लोगो, त्याखाली ऑफरची सरकती पट्टी, त्याखाली मेनू, आणि मग जागा उरलीच तर आपण ज्यासाठी आलो ते. बरं हे सगळं वरच्या वर राहील तर एक वेळ चालेल, पण नाही, स्टिकी हवा ना! पानभर आपल्या मागे मागे. फोन आडवा धरला की उंची उरते जेमतेम ३६०-४०० पिक्सेल, त्यातले शंभर-सव्वाशे हा गिळणार, खालून कुकीजची पट्टी वर येणार, आणि आपण मधल्या फटीतून वाचायचं.

त्यात ते लपणारे हेडर तर डोकंच फिरवतात. खाली स्क्रोल केलं की लपतो, वा, किती हुशार. पण वाचता वाचता एक ओळ निसटली म्हणून बोटाने जरासं वर सरकवलं की हा पठ्ठ्या धाडकन उतरतो आणि नेमकी तीच ओळ झाकून बसतो, मग अजून वर जा, मग ओळ सापडली की खाली या, की हा परत गायब, आणि एवढ्या खटाटोपात आपण काय वाचत होतो तेच विसरायला होतं.

परवा एक लांबलचक फॉर्म भरला, सबमिट दाबलं, पान उडी मारून वर गेलं आणि ढिम्म. काय चुकलं काही कळेना. परत दाबलं, परत तेच. शेवटी लक्षात आलं की लाल अक्षरातली सूचना त्या हेडरच्या मागे दडलीये! मेनूतल्या लिंकवर क्लिक केलं की मथळा हेडरखाली गडप होतो तेही ह्याच भानगडीमुळे. आणि ह्यावर उपाय काय, तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, स्क्रोल-पॅडिंग-टॉप म्हणून एक ओळ. एक ओळ हो! तेवढी लिहायला पण जीवावर येतं, आणि तो लोगो मात्र फिरवून फिरवून ॲनिमेट करायला वेळच वेळ.

जे लोक माऊस न वापरता कीबोर्डवर टॅब दाबत दाबत पुढे जातात त्यांचं तर विचारूच नका, आपण कुठल्या बटणावर आहोत तेच त्यांना हेडरच्या आड दिसत नाही. वेबसाईट सगळ्यांना वापरता यावी म्हणून जे नियम आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत सरळ लिहिलंय की फोकस असलेली गोष्ट, म्हणजे टॅबने आपण जिच्यावर आलोय ती, अशी पूर्ण झाकली जाता कामा नये, आणि बटणं निदान २४ बाय २४ पिक्सेलची हवीत (थोडे अपवाद आहेत, पण ह्यांचं सगळंच अपवाद!). वाचतं कोण?

मेनू उघडायचं ते तीन रेघांचं चिन्ह १९८१ च्या झेरॉक्स स्टार ह्या कॉम्प्युटरपासून आहे, नॉर्म कॉक्स नावाच्या डिझायनरने काढलेलं, त्याच्याशी माझं काही भांडण नाही, फोनवर ठीकच आहे. पण एवढ्या रुंद मॉनिटरवर, जिथे अर्धी पट्टी रिकामी पडलीये, तिथे अख्खा मेनू त्या रेघांत कोंबायचा? का? स्वच्छ दिसतं म्हणून! आणि जिथे मेनू उघडा ठेवलाय तिथे माऊस जरा तिरका गेला की सबमेनू फट्कन बंद.

अहो चार-पाच शब्दांत मेनू द्या, शोधायची चौकट उघडी ठेवा, लोगोवर क्लिक केलं की होमपेज, आणि उंची बेताची. ह्यात कुठलं रॉकेट सायन्स आहे? पण मीटिंगमध्ये प्रत्येक डिपार्टमेंटला आपलं काहीतरी वरच हवं असतं, आणि नाही म्हणायची कुणाची टाप नाही.

आणि सगळ्यात वर ते "आमचं ॲप डाउनलोड करा", ज्याची फुली बोटाला सापडत नाही. अरे मला ॲप नकोय म्हणूनच तर वेबसाईट उघडलीये ना!