‘नुसतं स्केच दिलं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

‘एक वाचक’ यांस,

फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकवरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही जे लिहिलंत ते सगळ्यांना वाचता यावं म्हणून आधी जसंच्या तसं देते: "पोस्टर ही छापखान्याची कारागिरी. लोत्रेकने नुसतं स्केच दिलं, बाकी सगळं काम कारागिरांचं. जाहिरातीला कला म्हणणं बालिश आहे. त्याच्या पायांची रडकथा पुरे आता, आणि शेरे, स्तेनलेन यांना दोन ओळींत गुंडाळलंय. लिहिण्याआधी अभ्यास वाढवा."

मुद्दा मांडायचा तर जरूर मांडा, इथे आजवर कुणाची कमेंट उडवलेली नाही. पण ‘बालिश’ आणि ‘अभ्यास वाढवा’ हे काय आहे? नाव न देता, स्वतः काय बघितलंय काय वाचलंय याचा एक शब्द न लिहिता समोरच्याला शाळेत बसवायचं, ही कुठली पद्धत? मतभेद असतील तर नीट बोलता येतं की. ‘मला हे पटलं नाही’ एवढं म्हटलं असतंत तरी मी याच कळकळीने उत्तर दिलं असतं आणि डोकं शांत ठेवून दिलं असतं.

शेरे आणि स्तेनलेन हे त्याच काळातले पोस्टर करणारे, त्यातल्या स्तेनलेनला जागा कमी मिळाली हे मान्य. 1896 चं त्याचं ते काळ्या मांजराचं पोस्टर आज मगवर आणि फ्रिज मॅग्नेटवर सगळीकडे दिसतं, त्याच्यावर वेगळं लिहायलाच हवं आणि लिहीन. पायांबद्दल म्हणाल तर 13 व्या आणि 14 व्या वर्षी दोन्ही मांड्यांची हाडं मोडली आणि पाय पुढे वाढले नाहीत, एवढंच मी लिहिलं होतं. ती माहिती आहे, त्यात रडकथा कुठे दिसली ते तुम्हालाच माहीत.

आता ते वाक्य. ‘नुसतं स्केच दिलं.’

मी अप्लाइड आर्टची. कॉलेजात असताना पेंटिंगवाले आम्हाला तोंडावर म्हणायचे की तुम्ही साबणाची वेष्टणं काढणारे, आणि तुमच्या कमेंटमध्ये मला तोच सूर ऐकू आला, म्हणून जास्त लागलं, हे लपवत नाही. पण त्याच कॉलेजात प्रिंटमेकिंगच्या खोलीत लिथोचा, म्हणजे दगडावर चित्र काढून छापण्याचा, दगड होता आणि मी त्याच्यावर काम केलंय. आधीचं चित्र घासून काढून दगड परत तयार करताना खांदे भरून यायचे. मग तेलकट खडूने किंवा शाईने काढायचं, तेही उलटं, अक्षरंसुद्धा उलटी. दगड ओला केला की कोऱ्या भागात पाणी धरतं आणि छपाईची शाई फक्त तेलकट रेघेलाच चिकटते. म्हणजे दगडावर जी रेघ पडली तीच कागदावर येणार. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. हे ज्याने हाताने केलंय तो ‘नुसतं स्केच दिलं’ असं म्हणूच शकत नाही. तुम्ही कधी दगडाला हात लावलाय का? मनापासून विचारतेय.

लोत्रेक दगडावर स्वतः काढायचा. खडूने, ब्रशने, आणि त्याची खास सवय म्हणजे टूथब्रशवर शाई घेऊन सुरीने खरवडून दगडावर तिचे शिंतोडे उडवायचे. त्याच्या पोस्टरांत तो दाणेदार धुरकट भाग दिसतो ना, तो असा आलाय. छापखान्यातल्या माणसाने हे परस्पर केलं असेल असं वाटतं तुम्हाला?

पॅरिसच्या मूलँ रूज या नाचगाण्याच्या कॅबरेचं 1891 चं पोस्टर घ्या. 27 वर्षांचा पोरगा, पहिलंच पोस्टर आणि पहिलीच लिथो. जवळपास दोन मीटर उंच, तीन कागद जोडून केलेलं. पिवळा, लाल, निळा, काळा, एवढ्याच रंगांत. मागचे सगळे प्रेक्षक एक सलग काळी आकृती, पुढे व्हॅलँतँ या नर्तकाची करडी सावली, आणि मधे पाय उडवून नाचणारी नर्तकी ला गुल्यू, तिचा पांढरा परकर म्हणजे न छापलेला कागद! वर ‘मूलँ रूज’ तीनदा, पण पहिला मोठा ‘एम’ तिघांत एकच. याच जागेसाठी 1889 ला ज्यूल शेरेने पोस्टर केलं होतं, गाढवांवर बसलेल्या हसऱ्या पोरी, छान, हलकंफुलकं. दोन्ही शेजारी ठेवून बघा आणि मग सांगा की फरक छापखान्यामुळे पडलाय. शेरे स्वतः कसलेला लिथोग्राफर होता, तंत्रात तो कुठेच कमी नव्हता, मग फरक आला कुठून? तो नजरेतून आलाय. 1893 च्या ‘दिव्हाँ जापोने’ या कॅफेच्या पोस्टरात तर स्टेजवरच्या गायिका इव्हेत गिल्बेरचं डोकंच कागदाच्या वरच्या कडेने कापलंय आणि तरी अख्ख्या पॅरिसने तिला त्या लांब काळ्या हातमोज्यांवरून ओळखलं. असा निर्णय कुठला कारागीर घेतो?

आणि कारागिरांचा मान राखायचा म्हणून जर हे लिहिलं असेल तर तो मान लोत्रेकनेच आधी दिलाय. 1893 च्या ‘लेस्टाम्प ओरिजिनाल’ या प्रिंट्सच्या अल्बमचं कव्हर त्याने केलं त्यात नर्तकी जान आव्रिल नुकताच छापलेला कागद निरखून बघतेय, आणि मागे आँकूरच्या छापखान्यातला म्हातारा पेर कोतेल प्रेस चालवतोय. चित्रकाराने छापणाऱ्याला कव्हरवर बसवलाय! दोघांची कामं वेगळी आणि दोन्ही लागतात, हे त्याला पक्कं माहीत होतं.

जाहिरात म्हणजे कला नाही यावर मी फार बोलणार नाही. एवढंच सांगते, 1892 मध्ये ‘आंबासादर’ कॅफेच्या मालकाला लोत्रेकने केलेलं गायक आरिस्तीद ब्रुआँचं पोस्टर बिलकुल आवडलं नव्हतं, काळा डगला, लाल मफलर आणि ते मग्रूर तोंड बघून तो लावायलाच तयार नव्हता. ब्रुआँ म्हणाला, हे लागणार नसेल तर मी गाणार नाही. मग लागलं. गिऱ्हाईकाला आवडेल तेवढंच काढणारा माणूस असं पोस्टर देत नाही.

पुढच्या वेळी नाव लिहून या आणि कुठल्या पोस्टरबद्दल बोलताय ते सांगा. लोत्रेकची पोस्टरं सगळी मिळून तीसेकच आहेत, त्यातलं कुठलंही एक निवडा, मी त्याच्यावर बोलायला तयार आहे.